छर्‍याची बंदूक आणि चपलेचं कातडं

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारणा केली, बरं वाटलं. तब्येत ठीक आहे. कारण वेगळंच आहे. आमच्या गॅलरीत सध्या एक बंदूक उघडून पडली आहे.

घाबरू नका, छर्‍याची आहे. माझ्या दादाची. कोल्हापूरचं मंगळवार पेठेतलं घर आता पाडून तिथे अपार्टमेंट होणार, म्हणून पुतण्या सामान आवरत होता. त्याचा फोन आला, "काका, बाबांची बंदूक सापडली. मोडीत देऊ का?" मी म्हणालो, "नको. सांगलीला घेऊन ये." फोन ठेवला तर सौ. माझ्याकडे बघतच राहिली. कारण गेल्या पन्नास वर्षांत त्या बंदुकीबद्दल एकही बरा शब्द माझ्या तोंडून तिने ऐकलेला नव्हता. ते का, हे शेवटी सांगतो. आधी बंदुकीबद्दल.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शिवाजी उद्यमनगरात टर्नर होता. ज्यांनी जुनं उद्यमनगर पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका बोळात लेथ, पलीकडच्या बोळात फाउंड्री, आणि कुठल्याही दुकानात जाऊन "असा असा एक भाग पाहिजे" म्हटलं की चित्र न काढता करून देणारी माणसं. ऑइल इंजिनांवर वाढलेली ती वस्ती. १९६८ साली दादाने पगारातून पैसे बाजूला काढून काढून ही बंदूक घेतली. एका देशी कंपनीची. त्या काळी परदेशी बंदुकांच्या धर्तीवर अशा बर्‍याच बंदुका आपल्याकडे होत होत्या. (पाण्याचे पाईप करणारी ह्यूम पाईप कंपनी एअर रायफलही करत असे, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही.)

घरी आणली त्याच रात्री त्याने ती उघडली. एकही छर्रा न मारता! आई म्हणाली, "अरे, नवी वस्तू मोडतोस काय?" दादा म्हणाला, "आत काय आहे ते बघू की."

आत काय असतं, ते मास्तर या नात्याने सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तर या बंदुकीत दारू नाही, गॅस नाही. नळी बिजागरीवर मोडून खाली ओढायची. त्या ओढण्याने आतला दट्ट्या मागे सरकतो आणि एक लांब जाड स्प्रिंग दाबली जाते. दट्ट्या पार मागे गेला की एका खिटीत अडकतो. नळीच्या मागच्या तोंडात शिशाचा छर्रा बसवायचा. हा छर्रा गोल गोळी नसतो, डमरूसारखा कमरेत बारीक असतो. नळी सरळ करायची, चाप ओढायचा. खिटी सुटते, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, पुढची हवा एकदम दाबली जाते आणि छर्र्याला ढकलून देते. संपलं. सायकलच्या पंपात जे घडतं तेच, फक्त निमिषात. सगळे मिळून पाच-सहा मुख्य भाग आणि थोडे स्क्रू-पिना.

जर्मनीत राश्टाट गावी डायना कंपनी १८९० साली निघाली. इंग्लंडात लिंकन जेफ्रीज या गृहस्थाने १९०४ साली पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या बीएसएने त्या बंदुका करायला सुरुवात केली. तेव्हापासून आजवर स्प्रिंग, दट्ट्या आणि वॉशर हा मेळ तसाच आहे. आज ऑलिंपिकच्या बंदुकीत आधीच दाबून भरलेल्या हवेची टाकी असते, ती लाखो रुपयांची असते, आणि ती उघडायची कुणाची छाती होत नाही. पण हौशी माणूस अजून त्या साध्या स्प्रिंगवाल्या बंदुकीपाशीच घुटमळतो. अमेरिकेत क्रॉसमन कंपनीचं १३७७ म्हणून एक हाताने पंप मारायचं साधं पिस्तूल आहे, १९७७ साली आलेलं. लोक त्याची नळी बदलतात, मूठ बदलतात, मागे दस्ता जोडून त्याची छोटी रायफल करतात, आणि मूळच्या वस्तूतलं जेमतेम निम्मं उरलं तरी "माझं १३७७" असंच म्हणतात. इंग्लंडात तर कायद्याने रायफलच्या जोराला बारा फूट-पाउंडांची मर्यादा आहे, त्यापुढे सर्टिफिकेट लागतं. म्हणून तिथले हौशी लोक जोर वाढवायच्या नादी न लागता तोच जोर जास्त गुळगुळीत, जास्त शांत कसा होईल यात आयुष्य घालवतात. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो इंग्रजी वाचत नसे. पण तोही नेमकं तेच करत होता.

पहिली भानगड आवाजाची. चाप ओढला की "ट्यांग्ग" असा आवाज होई आणि गालाला झिणझिण्या येत. स्प्रिंग आत सैल होती, सुटताना थरथरायची. दादाने लेथवर एक दांडी काढली, स्प्रिंगच्या आतून बरोबर जाईल अशी. कितीदा काढली ते विचारू नका. जाड झाली की स्प्रिंग अडके, बारीक झाली की पुन्हा ट्यांग्ग. शेवटी बसली. वर जाड ग्रीसचा पातळ हात. मग आवाज झाला "ठप्प". दार हलक्या हाताने लावावं तसा. त्या रात्री दादाने मला झोपेतून उठवून तो आवाज ऐकवला होता! मी मराठी घेऊन बी.ए. करणारा मुलगा, मला त्यात काय कळणार? पण त्याचा चेहरा आठवतो.

दुसरी भानगड वॉशरची, आणि हीच मला सगळ्यात आवडते. दट्ट्याच्या तोंडाला वाटीच्या आकाराचा कातड्याचा वॉशर असतो. तो भिंतीला घट्ट बसला तर हवा मागे निसटत नाही. कंपनीचा वॉशर वर्षभरात कडक झाला, बंदुकीचा जोर गेला. दादाने सायकलच्या पंपाचा लावून पाहिला, मापात बसेना. मग तो चप्पल लाइनीत गेला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. ते पाण्यात भिजवलं की मऊ होतं, साच्यात दाबून वाळवलं की दिलेला आकार सोडत नाही. हे त्याला तिथल्या एका म्हातार्‍या कारागिराने सांगितलं. दादाने पितळेचा दोन भागांचा साचा काढला, नर आणि मादी. भिजवलेला तुकडा मधे घालून व्हाइसमध्ये आवळून ठेवायचा. चार-पाच दिवसांनी साचा उघडायचा, कडा ब्लेडने कापायची, मग शिवणयंत्राच्या तेलात मुरत ठेवायचा. जगातल्या कुठल्या कारखान्यात असा वॉशर झाला नसेल. कोल्हापुरी चपलेवर चालणारी बंदूक!

एकदा तेल जास्त झालं. दाबलेली हवा इतकी तापते की तेलाचा थेंब आत पेट घेतो. चाप ओढल्याबरोबर फाटकन बार झाला, नळीतून निळा धूर आला आणि शेजारच्या काकू कपाळाला हात लावून धावत आल्या. तेव्हापासून तेल काडीच्या टोकाने.

आणि एक गोष्ट, कुणी नातवंडं वाचत असतील तर. स्प्रिंग आत दाबलेलीच बसवलेली असते. नुसते स्क्रू काढले तर ती मागचा भाग बंदुकीसारखाच सोडते. दादाकडे त्यासाठी लाकडाची चौकट होती, स्क्रूने हळूहळू सैल होणारी. ती करायच्या आधीचा एक खड्डा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत होता. आईने तिथे कॅलेंडर लावलं होतं.

पुतण्याचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. तोच बंदूक घेऊन आला आणि चार दिवस राहिला. पहिला प्रश्न त्याचा, "आजोबा, जाड स्प्रिंग टाकली तर जोर वाढेल ना?" प्रत्येक पिढी हाच प्रश्न विचारते. मी त्याला दादाचं उत्तर दिलं. ही बंदूक दोनदा धक्का देते. दट्ट्या पुढे निघाला की बंदूक मागे येते, आणि दट्ट्या शेवटाला आपटला की बंदूक पुढे जाते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. स्प्रिंग जेवढी दांडगी तेवढा धक्का मोठा आणि नेम तेवढा वाईट. (साधी दुर्बीण वर बसवली तर या उलटसुलट धक्क्याने तिच्या काचा आतल्या आत हलतात.) म्हणून ही बंदूक घट्ट धरायची नाही, हातावर नुसती ठेवायची, तिला तिच्यासारखी हलू द्यायची. दादा म्हणायचा, "मांजर घेतल्यागत धर." मुलाने कागदावर गणित मांडलं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला दोनशे मीटर, म्हणजे दहा जूल. आपल्याकडे २०१६च्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि वीस जूलपर्यंतचा जोर असेल तर परवाना लागत नाही. त्याआधीच्या १९६२च्या नियमांत छर्रा एक इंच जाडीच्या फळीतून आरपार जातो का यावर ठरायचं. मी त्याला म्हटलं, दहाच राहू देत. तो जरा हिरमुसला. पण दुसर्‍या दिवशी पॉलिश पेपर घेऊन दट्ट्याची कड गुळगुळीत करत बसला तो जेवायला उठेना. तेव्हा ओळखलं, हा आता गेला.

मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिलंय. मुलांना वस्तू दिली की ती खेळून टाकून देतात, पण उघडता येणारी वस्तू दिली की ती त्यांची होते. रेडिओ उघडता यायचा, सायकल उघडता यायची. आता मोबाइल उघडायचा तर खास हत्यारं लागतात. या बंदुकीत लपवलेलं असं काहीच नाही. एक भाग बदलला की काय फरक पडला ते पुढच्याच छर्र्याला कानाला कळतं, गालाला कळतं, कागदावर दिसतं. चूक झाली तर तीही दिसते.

आता चुकीबद्दल.

१९७१चा ऑगस्ट. मी कॉलेजला होतो. दादा कामावर गेलेला. परसात शेवग्याच्या झाडावर एक बुलबुल बसला होता, बुडाशी लाल असतो तो. मी कपाटावरची बंदूक काढली. दादा रोज सांगायचा, आता ती बारा पावलांवर चिंचोका उडवते. खरंच उडवते का ते बघावं, एवढंच डोक्यात होतं. एवढंच होतं असं मी स्वतःला सांगत आलोय.

तिने उडवलं. बुलबुल खाली पडला, पण मेला नाही. एका पंखाने मातीत गोल गोल फिरत राहिला. आई आवाज ऐकून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "मी नुसती हातात घेतली होती. आपोआप सुटली. दादाने चाप कानशीने घासून ठेवलाय."

ही थाप नुसती थाप नव्हती, तिला आधार होता. त्याच्या आधी काही महिने दादाने चाप हलका करायला खिटी घासली होती, ती जरा जास्त घासली गेली, आणि बंदूक जमिनीवर टेकवताच एकदा सुटली होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणून आईला माझं लगेच पटलं.

संध्याकाळी दादा आला तेव्हा आई त्याला इतकं बोलली की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. दादा एक शब्द बोलला नाही. पाखरू तोवर गेलं होतं. त्याने ते शेवग्याखाली पुरलं, बंदूक पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. रागाने नाही. मग हातपाय धुवायला गेला.

मी कधीच काही बोललो नाही. पुढे बी.एड. झालं, जून १९७३ला सातारा जिल्ह्यात नोकरी लागली, घर सुटलं. नंतर दादाने बंदूक पुन्हा काढली असं कळलं. तो फक्त कागदावर मारायचा, आणि पत्र्याच्या फिरत्या चकत्यांवर, त्याही त्यानेच केलेल्या. मी मात्र सुट्टीत गेलो की टोमणे मारायचो. पाहुण्यांसमोर म्हणायचो, "आमच्या दादाचं खेळणं." शाळेत मुलांना पक्ष्यांवर धडा शिकवताना छर्‍याच्या बंदुकीवर मी जे बोलायचो ते ऐकून मुलं रडायला यायची. वन्यजीव कायदा १९७२ सालचा, तोही सांगायचो. सगळं खरंच होतं ते. फक्त कुणी केलं ते सांगत नव्हतो.

११ ऑगस्ट २००८ला बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं, त्या दिवशी दादाचा फोन आला. तो सहसा फोन करत नसे. "मास्तर, बघितलंस काय? हवेचीच बंदूक बरं का!" दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, हे त्याने मला समजावून सांगितलं. मी म्हणालो, "हो, पण ती बंदूक वेगळी." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "व्हय, ती वेगळी." आणि ठेवला. तेजस्विनी सावंत २०१०ला जगज्जेती झाली, आपल्या कोल्हापूरची, तेव्हा त्याने फोन केला नाही. मीही नाही. २०१९ला दादा गेला. २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतलं ते पाहायला तो नव्हता. मी टीव्हीसमोर होतो आणि उगाच फोनकडे बघत होतो.

तर परवा आम्ही दस्ता वेगळा केला. लोखंडी भाग ज्या खाचेत बसतो तिथे आतल्या बाजूला लाकूड कोरं असतं. नातू म्हणाला, "आजोबा, इथे काहीतरी लिहिलंय." टॉर्च आणला, भिंग आणलं. शिसपेन्सिलीने दादाचं ते किरटं अक्षर. प्रत्येक वेळी उघडल्याची तारीख. "वॉशर २." "दांडी ४ थी, बसली." "तेल कमी." महिन्याला एक तरी नोंद आहेच, काही महिन्यांत तीन.

मग ही. "जून ७१. खिटी नवी केली. १०० वेळा आपटून पाहिली. सुटत नाही."

तिच्याखाली जुलैची एक नोंद. त्याच्यानंतरची थेट जानेवारी ७४.

शंभर वेळा! म्हणजे त्या संध्याकाळी आई त्याला बोलत होती तेव्हा त्याला पक्कं माहीत होतं. आणि ज्या माणसाला पंधरा दिवस बंदूक उघडल्याशिवाय चैन पडत नसे, त्याने अडीच वर्षं तिला हात लावला नाही. मी घर सोडेपर्यंत.

नातवाने विचारलं, "इथे एवढी गॅप का?" मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तो काही बोलला नाही, भिंग माझ्या हातातून घेऊन पुढच्या नोंदी वाचायला लागला. वहिनी, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुम्हालाही हे नवीनच असेल. फोनवर बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई, तूही वाच. त्या दिवशी आईला खोटं मी सांगितलं.

बंदुकीचं म्हणाल तर स्प्रिंग थकली आहे पण वाकलेली नाही, तीच ठेवणार. वॉशर मात्र हात लावताच भुगा झाला. गेल्या शनिवारी एसटीने कोल्हापूरला जाऊन आलो. चप्पल लाइनीत त्या म्हातार्‍या कारागिराचं दुकान कुठलं ते काही सापडलं नाही. दुसर्‍या एका दुकानात मागितलं, त्या तरुण पोराने "कशाला पाहिजे काका?" विचारून, उत्तर ऐकून, चांगला जाड तुकडा काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पितळी साचा पुतण्याने शोधून पाठवला, दादाच्या हत्यारांच्या पेटीत कापडात गुंडाळलेला होता.

पहिला तुकडा मी फार आवळला, तो मधोमध फाटला. दुसरा बुधवारपासून साच्यात आहे, खिडकीत. आज सकाळी कडेला बोट लावून पाहिलं, अजून ओलसर लागतो.